शॉकअपची सायकल घ्यावी का?

जून उजाडला की आमच्या खेरडीकडे घरोघरी एकच हट्ट सुरू होतो, "शॉकअपवालीच सायकल हवी!" पाड्यांकडचे रस्ते मुरूम-खडीचे, पावसात खड्ड्यांचे. मुलांचा हट्ट अगदीच गैर नाही. पण चार पैसे जास्त मोजण्यापूर्वी पालकांनी ही वस्तू समजून घ्यावी, असे मला वाटते.

चाक दगडावर चढले की पुढच्या चिमट्यातली स्प्रिंग दबते आणि धक्का हाताऐवजी तिच्यात साठतो. मात्र घेतलेले ती परत करतेच. झोका दिलेला झोपाळा बराच वेळ हलत राहतो, तशी तीही वरखाली होत राहते. हे हलणे थांबवण्याचे काम तेलाचे. नळीतले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते. पिचकारी हळू दाबली तर सहज चालते, जोरात दाबली तर अडते, तसेच हे. धक्क्याची शक्ती तेलात उष्णता होऊन जिरते. यालाच डॅम्पिंग म्हणतात.

बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर-१२ या मोटारसायकलला असा तेलाचा चिमटा बसवला. पुढे तो सायकलींनाही आला. १९९२ आणि १९९३ साली गिल्बर्ट द्यूक्लो-लासाल याने रॉकशॉक्सचा चिमटा लावून फ्रान्समधली दगडी फरसबंदीची पॅरिस-रूबे शर्यत जिंकली.

आता खडीच्या वाटांसाठी 'ग्रॅव्हल' सायकली निघाल्या आहेत. त्यांतल्या अनेकांचा चिमटा जेमतेम ३० ते ५० मिलिमीटर दबतो. आइसलंडच्या लाउफ कंपनीच्या चिमट्यात तर तेलच नाही, नुसत्या काचतंतूंच्या पट्ट्या. तो ३० मिलिमीटर दबतो. हालचाल इतकी थोडी असेल तर बारीक खडीवर तेलावाचूनही भागते.

खरी परीक्षा उतारावर, खड्ड्यांत ब्रेक दाबताना होते. तेल नसलेली लांब स्प्रिंग चाकाला उसळवते. जमीन सुटलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते. म्हणजे प्रश्न आरामाचा नाही, पोरांच्या हातापायांचा आहे.

स्वस्त सायकलींच्या चिमट्यात बहुधा नुसती स्प्रिंगच असते, वजन मात्र वाढते. दुकानात पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबावे आणि सोडावे. चिमटा खाडकन वर आला, तर तेलाचा कारभार नाही असे समजावे. सावकाश येऊन स्थिर झाला, तर ठीक.

तसा चिमटा परवडत नसेल, तर साधा चिमटा आणि रुंद टायर घ्यावेत. हवा दगडासारखी ठासून भरू नये. फार कमीही नको, नाहीतर रिम आपटून ट्यूब पंक्चर होते. वाचलेल्या पैशांतून चांगले ब्रेक आणि मागचा दिवा घ्यावा. पावसाळी संध्याकाळी मूल सुखरूप घरी येण्यासाठी त्यांचाच उपयोग अधिक.