मत्स्यपेटीतील लाकूड : निवड, तयारी आणि पक्की बसवणी

पूर ओसरला की तापी, गिरणा, पांझरेच्या काठावर पाण्याने घासून गुळगुळीत झालेली वेडीवाकडी लाकडे सापडतात. शोभिवंत मासे पाळणारे हेच लाकूड ‘ड्रिफ्टवुड’ म्हणून दुकानातून विकत आणतात. तुम्हाला ते फुकट मिळू शकते. मात्र आकार पाहण्याआधी लाकूड कुठे पडलेले होते, ते पाहावे.

निवड

- कपाशी, केळीच्या बांधावरचे, फवारणी पंप धुण्याच्या जागेचे किंवा सांडपाण्याच्या नाल्यातले लाकूड घेऊ नये. सायपरमेथ्रीनसारखी कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही माशांना मारक ठरतात. लाकडात मुरलेले औषध उकळून निघेलच, याची खात्री नसते.
- बाभूळ, चिंच, पेरू, जांभूळ यांचे पूर्ण वाळलेले, कठीण लाकूड किंवा मुळे निवडावीत. ओले लाकूड पाण्यात कुजते.
- कडुनिंब, निलगिरी, कण्हेर, शेर, रुई टाळावी.
- रंग, डांबर किंवा खिळे असलेले, नख रुतेल इतके भुसभुशीत लाकूड नको.

तयारी

1. साल व कुजका भाग काढून ताठ ब्रशने घासावे. साबण वापरू नये.
2. मोठ्या पातेल्यात 1 ते 2 तास उकळावे. पाणी तपकिरी झाल्यास बदलून पुन्हा उकळावे.
3. त्यानंतर 2 ते 4 आठवडे वजन ठेवून पाण्यात बुडवावे. दर 2-3 दिवसांनी पाणी बदलावे.

पाण्याला येणारा चहासारखा रंग टॅनिनचा असतो. बाभळीत तो जास्त उतरतो. टॅनिनमुळे मऊ पाण्याचा सामू घटतो. बोअरच्या जड पाण्यात फारसा फरक पडत नाही.

बसवणी

- भिजूनही तरंगणारे लाकूड ग्रॅनाइटच्या तुकड्यावर स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने खालून आवळावे. साधा लोखंडी स्क्रू गंजतो.
- शहाबादी व कडप्पा फरशी चुनखडीची असते, तिने पाणी आणखी जड होते. शंका असल्यास दगडावर लिंबू पिळावे. फेस आल्यास तो वापरू नये.
- फरशी पेटीच्या तळावर टेकवून मग वाळू पसरावी. वाळूवर ठेवलेली फरशी मासे उकरतात तेव्हा कलंडते.
- लाकूड दोन काचांमध्ये ठोकून बसवू नये. ते पाणी पिऊन फुगते आणि काच तडकते. चारही बाजूंनी दोन बोटे जागा सोडावी.

खात्री

लाकूड आधी वेगळ्या बादलीत ठेवून त्यात 2-3 गप्पी मासे सोडावेत. आठवडाभर निरीक्षण करावे. मासे पृष्ठभागावर धापा टाकू लागले, आडवे पोहू लागले किंवा मेले, तर ते लाकूड मत्स्यपेटीत घालू नये.

पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर येतो. तो माशांना अपायकारक नसतो. ब्रशने काढावा, हळूहळू कमी होतो.