बोमनजींची मुंबई

जालन्याचा माणूस मुंबईला जातो तो बहुधा कामाने. कुणाचा मंत्रालयातला कागद अडलेला असतो, कुणाची हायकोर्टात तारीख असते, कुणाला टाटा हॉस्पिटल गाठायचे असते. 30 डिसेंबर 2023 रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत वाढली, आणि हा प्रवास बराच सुसह्य झाला. काम उरकून समुद्र बघायचा म्हटले की पावले आपोआप गेटवेकडे किंवा मरीन ड्राइव्हकडे वळतात. पण सीएसएमटीतून बाहेर पडून, जीपीओला वळसा घालून बंदराच्या दिशेने पंधरा-वीस मिनिटे चालले तर बॅलार्ड इस्टेट लागते. तिथे न्यू कस्टम हाउसच्या समोर, वेकफिल्ड हाउस नावाच्या दगडी इमारतीत ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ हे इराणी हॉटेल आहे. मुंबईवर जीव लावलेला एक हॉटेलमालक इथे भेटत असे. बोमन कोहिनूर त्यांचे नाव. सप्टेंबर 2019 मध्ये वयाच्या 97व्या वर्षी ते गेले, आणि अखेरच्या वर्षांपर्यंत ते टेबलाटेबलाशी उभे राहून गिऱ्हाइकांची विचारपूस करत होते.

हॉटेल काढले त्यांच्या वडिलांनी, रशीद कोहिनूर यांनी, 1923 साली. रशीद इराणहून आलेले झरथुष्ट्री. पारशी आणि इराणी यांत आपली नेहमी गल्लत होते. धर्म एकच, पण पारशांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागले, तर इराणी मंडळी एकोणिसाव्या-विसाव्या शतकात, मुख्यतः यझ्द आणि केरमान भागांतून आली. मुंबई-पुण्याच्या नाक्यानाक्यावर त्यांनी चहाची हॉटेले थाटली. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बनमस्का, आणि कितीही वेळ बसले तरी कुणी उठवत नाही हा भरवसा, हे सगळे त्यांनीच या शहरांना दिले.

ब्रिटानिया हे नाव का? बोमनजी सांगायचे की साहेबांच्या वस्तीत परवाना मिळणे सोपे नव्हते. वडिलांनी हे नाव दिले आणि काम पटकन झाले.

ही वस्ती उभी आहे समुद्रातून काढलेल्या जमिनीवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खणायला घेतला. त्यातून निघालेले दगड-माती टाकून किनाऱ्यालगत साधारण 22 एकर भराव झाला. त्या जमिनीचा आराखडा जॉर्ज विटेट यांनी केला. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. सगळ्या इमारती जवळजवळ एका उंचीच्या, एका ढंगाच्या, रस्ते रुंद आणि सावलीचे. इस्टेटीला नाव मिळाले पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचे. जहाज कंपन्या, विमा कंपन्या, व्यापारी पेढ्या इथे आल्या, आणि दुपारी त्यांच्या कारकुनांना नि साहेबांना जेवायला जागा हवी होती. ब्रिटानिया या गरजेतून चालले. आजही ते मुख्यतः दुपारच्या जेवणाचेच हॉटेल आहे; कचेऱ्या ओस पडल्या की तेही मिटते.

या बंदराशी मराठवाड्याचा संबंध जुना आहे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग 1900च्या सुमारास झाला आणि जालन्याच्या बाजारातला कापूस रेल्वेने मुंबईकडे जाऊ लागला. आता जवाहरलाल नेहरू बंदराने जालन्याजवळ ड्राय पोर्टचे काम हाती घेतले आहे. समुद्र लांब असला तरी बंदर जालनेकरांना अगदीच परके नाही.

बोमनजींच्या आवडत्या मुंबईत पहिला मान जुन्या, स्वच्छ रस्त्यांना. पूर्वी हे रस्ते पाण्याने धुतले जात, ही आठवण ते नव्या माणसालाही काढून सांगत. दुसरी आवड राणीची. हॉटेलात राणी एलिझाबेथ, महात्मा गांधी आणि झरथुष्ट्र यांच्या तसबिरी एकाच छताखाली लावलेल्या. काहींना हे विचित्र वाटे, पण त्यात कसलाही दिखावा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने हॉटेलची जागा ताब्यात घेतली होती, तरीही राणीवरचे प्रेम आटले नाही. तिला ते पत्रे लिहीत आणि राजवाड्यातून आलेली उत्तरे गिऱ्हाइकांना हौसेने दाखवत. एप्रिल 2016 मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले, तेव्हा ताजमहाल हॉटेलात बोमनजींची त्यांच्याशी भेट झाली. नव्वदी ओलांडलेल्या माणसाची ती इच्छा लोकांनीच समाजमाध्यमांवरून पुढे नेली होती.

तिसरी आवड ताटातली: बेरी पुलाव. हा पदार्थ हॉटेलात 1982 पासून आहे आणि त्याचे श्रेय बोमनजींच्या पत्नी बचन यांचे. नोकरीनिमित्त त्या इराणमध्ये होत्या. तिथे ‘झेरेश्क पोलो’ म्हणजे झेरेश्कची आंबट फळे घातलेला भात खाल्ला जातो. मूळ पदार्थ सौम्य. मुंबईच्या जिभेला तो फिका लागला असता. बचनबाईंनी त्यात मसाला आणला. मोकळा शिजलेला लांब दाण्याचा भात, आत मसालेदार मटण किंवा चिकन, वर तळलेला कांदा, काजू आणि लालबुंद झेरेश्क. ही फळे मनुकांपेक्षा लहान, वाळवलेली. घासात एखादे दाताखाली आले की आंबटपणा चटकन तोंडभर पसरतो आणि मटणाचा तुपकटपणा मोडतो. भात मुंबईत शिजतो, झेरेश्क इराणहून येते. इराणवर निर्बंध आले तरी कोहिनूर कुटुंबाने दुसरे काही घालून भागवले नाही, आणि या पदार्थाची चव टिकली ती या हट्टामुळे.

पुलावाबरोबर काय घ्यायचे हेही बोमनजी सुचवत: मुंबईच्या उकाड्यावर उतारा म्हणून गोड लिंबू सोडा. पारशी जेवणातला तांबडा रास्पबेरी सोडाही मिळतो. शाकाहारी मंडळींसाठी पुलावाचा भाजीचा प्रकार आहे, आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड मागवायला विसरू नये.

इराणी हॉटेले मुंबईत झपाट्याने कमी झाली. जागांचे भाव वाढले, नाक्यांवर इतर धंदे आले, पुढच्या पिढ्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. ब्रिटानियाने 2023 मध्ये शंभरी गाठली. आज बोमनजींची मुले ते चालवतात. जालन्याहून कामासाठी आलेल्याला दुपारी दोन तास मोकळे मिळाले, तर तिथे जाणे सहज जमते. जाताना पुलाव एकट्यासाठी भरपूर होतो हे लक्षात ठेवावे आणि दोघांत एक मागवावा.