तलवारबाजी : विषम भाराचा व्यायाम

सी. ए. भवानीदेवी यांनी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर प्रकारात भाग घेतला आणि ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज ठरल्या. महाराष्ट्रातही हा खेळ शालेय व विद्यापीठीय स्तरावर खेळला जातो. त्यामुळे असे खेळाडू आपल्या चिकित्सालयातही येणार, हे गृहीत धरून या खेळात शरीरावर पडणाऱ्या भाराचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

तलवारबाजी म्हटले की प्रथम शस्त्राघात आठवतो. १९८२ साली रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या फॉईलचे तुटलेले पाते मुखवट्यातून आत शिरून व्लादिमिर स्मिर्नोव्ह या सोव्हिएत खेळाडूचा मृत्यू झाला. त्यानंतर मुखवटा, पोशाख व पाते यांचे निकष कठोर झाले आणि असे आघात अत्यंत विरळ झाले. अमेरिकेतील २००१ ते २००६ या काळातील स्पर्धांच्या नोंदींनुसार, खेळ थांबवावा लागलेल्या दुखापतींपैकी सुमारे निम्म्या मुरगळणे किंवा स्नायू ताणले जाणे या स्वरूपाच्या होत्या. जानु, ऊरू व गुल्फ ही त्यांची प्रमुख स्थाने होत.

या स्थानांचे कारण खेळाडूच्या पवित्र्यात आहे. उजव्या हाताचा खेळाडू उजवे पाऊल सदैव पुढे ठेवतो. मागील पाऊल त्याच्याशी काटकोनात असते व दोन्ही गुडघे वाकलेले असतात. ‘लंज’ म्हणजे झेपेच्या वेळी मागील पाय शरीराला पुढे ढकलतो आणि पुढील पाय टाचेवर आदळून सर्व वेग थोपवितो. थोपविण्याचा भार पुढील ऊरू व जानुसंधीवर, तर ताण मागील पायाच्या आतील स्नायूंवर येतो. फॉईलचे वजन ५०० ग्रॅमहून कमी असले, तरी ते पेलणाऱ्या मणिबंधाला व कूर्पराला क्षणोक्षणी दिशा बदलावी लागते. वर्षानुवर्षांच्या अशा सरावाने पुढील मांडी व शस्त्राचा हात दुसऱ्या बाजूपेक्षा पुष्ट होतात. कटी व पृष्ठ मात्र या विषमतेचा भार निमूटपणे वाहत असतात.

सुश्रुताचार्यांनी जानु व कूर्पर ही वैकल्यकर, तर गुल्फ व मणिबंध ही रुजाकर मर्मे सांगितली आहेत. या खेळाचा भार नेमका याच चार संधींवर पडतो, हे ध्यानी घेतल्यास गुडघ्याच्या किरकोळ वाटणाऱ्या दुखण्याकडेही वैद्य दुर्लक्ष करणार नाही.

दुसरा प्रश्न श्रमाच्या मर्यादेचा. फॉईल व ईपी प्रकारांतील बाद फेरीची लढत १५ गुणांची असून ती तीन-तीन मिनिटांच्या तीन भागांत होते. दोन भागांमध्ये एक मिनिट विश्रांती मिळते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा दिवस मात्र ९ ते ११ तास चालू शकतो आणि त्यात प्रत्यक्ष लढतीचा काळ १७ ते ४८ मिनिटांचाच असतो. म्हणजे शरीर वारंवार तापते व वारंवार थंडावते. थंडावलेल्या स्नायूंनी एकाएकी झेप घेणे हे वातप्रकोपाला निमंत्रणच होय.

अर्धशक्ती व्यायामाची लक्षणे म्हणून ललाट, नासा, कक्षा व संधी यांवरील स्वेद आणि मुखशोष यांचा निर्देश केला जातो. जाड पोशाख व मुखवटा यांमुळे हा स्वेद अल्प श्रमातही येतो आणि मुखवट्याआड तो प्रशिक्षकाला दिसतही नाही. म्हणून या खेळात केवळ स्वेदावरून बलाची परीक्षा करू नये. श्वासाची गती, सरावापूर्वीचे व नंतरचे वजन, मूत्राचा वर्ण आणि दुसऱ्या दिवशीचा उत्साह यांवरून ती करावी. दोन लढतींच्या मध्ये मुखवटा काढून थोडे थोडे पाणी घेण्याची सवय लावावी.

चिकित्सेत आम्ही तीन गोष्टी आवर्जून सुचवितो. ताज्या मुरगळीवर मर्दन व उष्ण स्वेद करू नये. विश्रांती, शीतोपचार व बंधन यांना प्राधान्य द्यावे. गुडघ्यावर सूज भरणे, तो अडकणे किंवा पायावर भार न पेलणे ही लक्षणे असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. जुन्या विकारात अभ्यंग-स्वेदन करताना दोन्ही बाजू तपासाव्यात आणि दुर्बल बाजूचा व्यायाम प्रशिक्षकाच्या सल्ल्याने वाढवावा.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. कुपीलूतील स्ट्रिक्निन हे स्पर्धाकाळात निषिद्ध उत्तेजक आहे. विषतिंदुक वटी व अग्नितुंडी वटी आपण सहज लिहून देतो. त्या दोन्हींत कुपीलू असतो. सोमलतेत एफेड्रिन असते आणि बलेतही ते आढळल्याच्या नोंदी आहेत. मूत्रात ठरावीक मर्यादेपलीकडे आढळल्यास स्पर्धाकाळात तेही निषिद्ध ठरते. चाचणीत असे द्रव्य सापडल्यास ‘वैद्यांनी दिले’ एवढ्यावर खेळाडूची सुटका होत नाही; त्याची अनेक वर्षांची साधना एका पुडीने वाया जाऊ शकते. म्हणून रुग्ण स्पर्धेत उतरणारा आहे काय, हे प्रथम विचारावे, चालू वर्षाची निषिद्ध द्रव्यांची सूची पाहावी आणि दिलेल्या प्रत्येक कल्पाचे घटक चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावेत.