अंग लवते, झोप नाही; ही बाहेरची बाधा नव्हे

डोळा लवला की आपल्याकडे अजून शकुन-अपशकुन बघतात. थकव्याने, जागरणाने कुणाचाही डोळा लवतो, चार दिवसांत थांबतो. पण मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसे रात्रंदिवस हलू लागले, घामाने कपडे भिजू लागले आणि माणूस आठवडेच्या आठवडे झोपेविना तळमळू लागला, तर ते दुखणे वेगळे.

त्याला मॉर्व्हन सिंड्रोम म्हणतात. ऑगस्टिन मॉर्व्हन या फ्रेंच डॉक्टरांनी 1890 साली त्याचे वर्णन केले. रोग अतिशय विरळा. तरी आम्ही लिहितो, कारण हा रुग्ण नसलेली माणसे बघतो, झोपेविना बरळतो, हवेत हातवारे करतो. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, "बाहेरचे बघा." मग अंगारे, उतारे, कर्ज काढून भगताची भर. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारझोड करणे महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही शेजाऱ्यांना सांगावे.

कारण रक्तात असते. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. इथे तीच उलटतात आणि मज्जातंतूंवरील कॅस्पर-टू नावाच्या प्रथिनावर हल्ला करतात. मज्जातंतूंचा लगाम सुटतो. स्नायूंना हुकूम जातच राहतात. काहींच्या छातीत थायमस ग्रंथीची गाठही सापडते.

जयपूरच्या डॉक्टरांनी 2006 साली याच जातीच्या स्नायुविकाराच्या 20 रुग्णांची माहिती छापली. त्यांतल्या काहींनी सोने, पारा असलेली देशी औषधे घेतली होती. तेव्हा ताकदीच्या पुड्या, भस्मे घेतली असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. पुडीच सोबत न्या.

राजावाडी किंवा कूपर इस्पितळात दाखवून केईएम, नायर वा सायनच्या न्यूरॉलॉजी विभागासाठी चिठ्ठी मागा. तेथे सुईने स्नायूंची ईएमजी तपासणी, रक्ततपासणी, छातीचा सीटी स्कॅन करतात. स्टिरॉइडने किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलून अनेकांना उतार पडतो. उशीर झाला तर जीवही जातो. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनी भागत नाही. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने मात्र फार महाग. ती लिहून दिली तर आधी इस्पितळातील समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असू द्या, म्हणजे दुसरा खेप पडणार नाही.