पांढऱ्या रश्शाजोगी रेड वाइन

कोल्हापूरच्या मटणाच्या ताटाला कोणती रेड वाइन साजते, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: सांजोवेझे. हे द्राक्ष इटलीतल्या टस्कनीचं. जगभर नाव कमावलेली कियांती याचीच. कियांती क्लासिको म्हणायचं तर बाटलीत निदान ८० टक्के सांजोवेझे हवंच, असा तिथला नियम आहे. ते चाखायला टस्कनी गाठायची मात्र गरज नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात ते पिकतं.

अकलूजचा हा मुलूख उसाचा आणि साखर कारखान्याचा. २००७च्या सुमारास इथे फ्रटेली वाइन्स उभी राहू लागली. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांच्या जोड्या एकत्र आल्या, म्हणून इटालियन भाषेत नावही ‘भाऊ’च. सातवे पिएरो मासी, टस्कनीत मुरलेले वाइनमेकर. या सात जणांवरून त्यांच्या मानाच्या रेड वाइनचं नाव पडलं ‘सेट्टे’, म्हणजे सात. सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांची ही जोडी ओकच्या पिपांत मुरवतात. असा मेळ खुद्द टस्कनीत १९७०च्या दशकात रुजला, तोही तिथले जुने नियम मोडून. पुढे अशा वाइनना ‘सुपर टस्कन’ म्हणू लागले.

खरी कसोटी बागेत आहे. टस्कनीत वेल हिवाळ्यात निजतो, तेव्हा छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. आपल्याकडे वेल निजेल अशी थंडीच पडत नाही. त्यामुळे छाटण्या दोन: एप्रिलच्या सुमारास काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी. म्हणजे टस्कनीत घड उतरत असतात त्या दिवसांत आपला बागायतदार नव्या फळाची तयारी करत असतो. इथली द्राक्षं उन्हाळा तापायच्या आत उतरवावी लागतात. हिवाळ्यातल्या गार रात्री फळातला आंबटपणा टिकवतात. सांजोवेझेची सगळी पत त्या आंबटपणावरच आहे.

ग्लासात पाहा. नुसत्या काबर्नेपेक्षा सांजोवेझेचा रंग पातळ, माणकासारखा. वासाला आंबट चेरी आणि वाळलेला पाला. पहिल्या घोटाला तोंडाला पाणी सुटतं आणि मागोमाग हिरड्यांवर जांभळासारखा तुरटपणा बसतो. तो टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मटणाचा घास सोबत असला की त्याला धरायला मांसातली प्रथिनं मिळतात आणि तीच वाइन मऊ लागते. नुसती चाखून ‘कडू आहे’ म्हणत ग्लास खाली ठेवणाऱ्यांनी एकदा घासाबरोबर घेऊन पाहावी.

आता ताट. पांढऱ्या रश्शाला मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. तो जड, स्निग्ध आणि तिखटाला सौम्य. वाइनचा आंबटपणा त्याचा जडपणा कापतो आणि पुढची वाटी हवीशी वाटते. सुक्या मटणातलं भाजलेलं खोबरं आणि चरबी टॅनिनला पेलते. कांदा-लसूण मसाला घालताना हात थोडा आखडता घ्यावा एवढंच. तांबड्या रश्शाशी मात्र या वाइनचं जमत नाही. अल्कोहोल तिखटाची आग भडकवतं, तुरटपणा त्यात भर घालतो, आणि चेरीचा वास तर्रीखाली गडप होतो. यात दोष ना रश्शाचा, ना वाइनचा. दोघांनाही आपापला मान हवा.

रेड वाइन नेहमीच्या तापमानाला प्यावी असं सांगतात, ते युरोपातल्या थंड घरांसाठी. १६ ते १८ अंश तिला मानवतात. एप्रिलमधल्या कोल्हापुरात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायलाच हवी, नाहीतर अल्कोहोलच आधी नाकात शिरतं. चार जणांच्या पंगतीला एक बाटली पुरे. सुरुवात पांढऱ्याने करा, मग सुकं आणि भाकरी, आणि ग्लास रिकामा झाल्यावरच तांबड्याची वाटी पुढे ओढा.