पारव्यांचा त्रास: पक्षी नव्हे, दाणे आणि कपारी

सोसायटीच्या बैठकीत पारव्यांचा विषय निघाला की पहिली सूचना ठरलेली असते: कुणाला तरी बोलावून ते पकडावेत आणि लांब सोडून द्यावेत. त्रास ठरावीक पक्ष्यांचा आहे, ते गेले की तोही जाईल, असा समज त्यामागे असतो. पण दूरवरून घरी परतणे हे याच जातीचे वैशिष्ट्य आहे. त्याच बळावर ओडिशा पोलिसांनी 1946 पासून कित्येक दशके कबुतरांकरवी निरोप पाठवले. आणि समजा पारवे परतलेच नाहीत, तरी त्यांची जागा रिकामी राहत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहराने 1961 ते 1985 या काळात सुमारे 1 लाख पारवे पकडून किंवा गोळ्या घालून मारले, तरीही त्यांची संख्या 20 हजारांच्या आसपासच राहिली. मेलेल्यांच्या वाटणीचे दाणे आणि जागा उरलेल्यांना मिळत गेल्या. 1988 पासून शहराने धोरण बदलले. दाणे टाकू नका, हे नागरिकांना पटवून दिले, ठरावीक ठिकाणी खुराडी बांधली आणि तिथली अंडी काढून घेतली. साधारण चार वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली. पारवे किती असावेत, हे खाणे आणि जागा ठरवतात. म्हणून उपायही तिथेच करायला हवेत.

दाण्यांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर पारव्याच्या शरीरात आहे. चिमणीला पिल्लांसाठी अळ्या-किडे शोधावे लागतात, त्यामुळे तिच्या विणीला ऋतूचे बंधन राहते. पारव्याचे नर-मादी दोघेही अन्नपिशवीत तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लांना भरवतात. मोठ्यांना धान्य मिळत राहिले की पिल्लांची सोय आपोआप होते. एका खेपेला दोन अंडी, अठरा-एक दिवस उबवण, महिनाभराहून थोड्या अधिक काळात पिल्लू उडते, आणि तोवर पुढच्या खेपेची तयारी सुरू झालेली असते. रोज गच्चीवर टाकलेली ज्वारी एका पक्ष्याची भूक भागवून थांबत नाही, ती पुढची पिढी वाढवते. जुलै 2025 मध्ये मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करण्याचे आदेश निघाले, तेव्हा याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. दाणे बंद केले तर मुकी पाखरे उपाशी मरतील, हा आक्षेप मनापासूनचा आहे, त्यामागे जीवदयेची जुनी परंपरा आहे, आणि तो हसण्यावारी नेणे मला मान्य नाही. मात्र पारवा मुळात कड्याकपारींतला पक्षी. सह्याद्रीच्या गडकिल्ल्यांवर तो आजही कुणी दाणे न टाकता, आसपासच्या शेतांत टिपून जगतो. शहरातले दाणे हळूहळू कमी केले की त्याला अन्न शोधण्यात जास्त वेळ घालवावा लागतो आणि वीण कमी होते. उलट दाटीवाटीत वाढणारी पिल्ले रोग आणि परजीवींना बळी पडतात. अशी दाटी निर्माण करणे दयेत बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा एक आक्षेप मात्र खरा आहे: सगळे पारवे कबुतरखान्यांवर जगत नाहीत. धान्याच्या दुकानासमोरचे सांडलेले दाणे, उघडा कचरा, हॉटेलांमागचे खरकटे हेही आवरले नाही, तर एक कबुतरखाना बंद करून फार काही साधणार नाही.

आरोग्याबाबत दोन टोकांचे समज आहेत. कुणाला पारवा दिसला तरी धास्ती वाटते, कुणाला सगळा बागुलबुवा वाटतो. धोका आहे तो वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीचा. ती दीर्घकाळ श्वासातून जात राहिली तर काही जणांच्या फुप्फुसांना अ‍ॅलर्जीमुळे सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. वेळीच ओळखले नाही तर फुप्फुसांवर कायमचे व्रण राहू शकतात. विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना घातक ठरू शकते. वरून उडत गेलेल्या पारव्याने असे काही होत नाही. एसीच्या युनिटमागे साचलेला थर कोरड्या झाडूने झाडणे मात्र खरोखर धोक्याचे आहे. आधी पाणी मारून तो भिजवावा, एन-95 मास्क आणि हातमोजे घालावेत, मगच खरवडावा.

बाजारातल्या पळवून लावणाऱ्या उपकरणांवर खर्च करण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की पारव्यांना अल्ट्रासॉनिक आवाज ऐकूच येत नाही. प्लॅस्टिकचे घुबड आणि लटकवलेल्या सीडी यांना ते थोड्याच दिवसांत सरावतात. टिकाऊ उपाय म्हणजे बसायला, घरटे करायला जागा न ठेवणे: डक्ट वरपासून खालपर्यंत बंद करणे, छज्ज्यांना 45 अंशांहून अधिक उतार देणे, बाल्कनीला 50 मिलिमीटर घरांची जाळी ताणून बसवणे. जाळीने पक्ष्यांचे हाल होतात, ही तक्रार सैल आणि फाटक्या जाळीबाबत खरी आहे. त्यात पारवे अडकून मरतात. म्हणून जाळी बसवून विसरू नका, दर काही महिन्यांनी तपासा. आणि काम सुरू करण्यापूर्वी कपारीत अंडी किंवा पिल्ले आहेत का, हे पाहा. असतील तर पिल्ले उडून जाईपर्यंत थांबा, अगदी दीड-दोन महिने लागले तरी.