एका खोलीत गाव : वरळीच्या बीडीडी चाळी

बांधकाम १९२०च्या दशकातलं, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’चं. मुंबईतल्या अशा २०७ चाळींपैकी १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, चाळीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक.

वस्ती मुख्यतः गिरणी कामगारांची : कोकणातले, घाटावरचे. दलित कुटुंबंही मोठ्या संख्येने. ‘गावकी’च्या खोल्यांत एकाच गावचे पुरुष पाळीपाळीने झोपत, ट्रंका मात्र सगळ्यांच्या तिथेच.

आता या चाळींचा पुनर्विकास होतोय; त्यात पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर मोफत. ऑगस्ट २०२५मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या.